बिनगाठीची शिवण

मी एडनला गेले ते मोठ्या धैर्याने गेले, असे आमच्या गल्लीत अजून कोणी कोणी म्हणते. तसे काही नव्हते. मला नाही म्हणता आले नाही, म्हणून मी गेले.

लहानपणापासून बोलायचे म्हटले की माझ्या घशात गोळा येतो. शाळेत चार इयत्ता झाल्या, पण मास्तरीणबाईंना मी आपणहून कधी काही विचारले नाही. उत्तर येत असले तरी हात वर केला नाही. लोकांनी काही विचारले आणि मी गप्प राहिले की ते होकार समजतात. माझे लग्न असेच ठरले, आणि एडनला जाणेही असेच ठरले. हे कागद मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. दुपारी भाऊ जेवून आडवा झाला, मशीन थांबले, की कोपऱ्यात बसून लिहिते. लिहिले म्हणजे छातीतली धडधड जरा कमी होते.

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज फौजेबरोबर तंबू-कनाती शिवायला दक्षिणेतून धारला आले आणि इथलेच झाले. मला देवासला दिले होते. देवासात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. सासूबाई म्हणत, "आपण एका राज्यात सदरा शिवतो आणि दुसऱ्या राज्यात बटणे आणायला जातो." त्या हसत्या बाईचे घर प्लेगने धुऊन नेले. आधी माझे बाळ गेले. ते अजून रांगतही नव्हते. मग हे गेले. मी धारला भावाकडे परत आले ती मोकळ्या कपाळाने आणि मोकळ्या हातांनी.

आमच्यात केस काढत नाहीत, पण बाकीचे सगळे असते. बारशाला, हळदीला मला बोलावत नसत. बोलावले तर मागच्या दारी, पोळ्या लाटायला. त्याचे मला वाईट वाटत नसे, कारण भीती मलाच होती. कोणाचे तान्हे मूल समोर आले की मी पदर पुढे ओढून भिंतीच्या कडेने निघून जात असे. माझी सावली त्याच्यावर पडायला नको.

जर्मनची लढाई सुरू झाली तेव्हा जनाना इस्पितळात शिपायांसाठी पट्ट्या, चादरी, सदरे शिवायचे काम निघाले. भाऊ मला तिथे सकाळी पोचवी. तिथल्या मोठ्या नर्सबाई कोकणातल्या यहुदी होत्या. नऊवारी नेसत, गळ्यात काळी पोत घालत, बोलत मराठीच, फक्त हेल कोकणचा. त्यांच्या लोकांचे पूर्वी तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे त्यांनीच एकदा हसत सांगितले होते.

एके दिवशी त्या ओसरीवर आल्या त्या हसत नव्हत्या. मुंबईच्या त्यांच्या मंडळींकडून खबर आली होती. एडनबाहेरच्या मुलखात तुर्कांची फौज घुसली होती. तिथले यहुदी घरेदारे टाकून एडन गावात पळून आले होते. बायका-पोरे धर्मशाळेत, ओट्यांवर, कोणाच्या अंगणात पडली होती. ताप सुरू झाला होता, आणि बायकांना बघायला बाईमाणूस नव्हते. मुंबईची मंडळी कापड आणि औषधे पाठवणार होती. नर्सबाई रजा काढून स्वतः निघणार होत्या.

"माझ्याबरोबर कोण येता?" त्यांनी विचारले. "पगार नाही हो. सेवा म्हणून यायचे. शिवणारे हात हवेत."

कोणी मान वर केली नाही. बाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. मी हातातल्या चादरीकडे बघत राहिले.

"तू येतेस गो बाय?"

मी गप्प.

"बरे तर," बाई म्हणाल्या, "ही येते."

घरी वहिनी कपाळाला हात लावून हसली. "उंदीर दिसला तर पाटावर चढणारी ही, आणि चालली तुर्कांच्या तोंडी!"

भाऊ मात्र हसला नाही. "समुद्र ओलांडलास तर पंच दारात येऊन बसतील. त्यांना मी काय सांगू? तुला जायचे नाही तर नाही म्हणून सांग ना त्यांना!"

मी सुईत दोरा ओवत राहिले.

"बघा, आतासुद्धा बोलत नाही," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आमच्याकडे आल्या. वहिनी अडली होती तेव्हा बाईंनीच तिला आणि पोराला वाचवले होते. त्या समोर बसल्यावर भाऊ पंचांविषयी एक अक्षर बोलला नाही. नाही म्हणायची आमच्या घरात कोणालाच सवय नाही.

महूपर्यंत तांगा केला. तांगेवाल्याने ट्रंकेकडे पाहिले. "कां जइ री हो बेन, इत्तो सामान लई ने?"

"समुद्रापार," नर्सबाई म्हणाल्या.

"अरे राम! म्हने तो म्हू का आगे को रस्तो बी नी मालम," असे म्हणून त्याने घोडा हाकला, आणि वाटेत पुन्हा पुन्हा मागे वळून माझ्याकडे पाहत राहिला. मरायला चाललेल्या माणसाकडे पाहावे तसे.

आगबोटीवर मी कोनाड्यात बसावे तशी बसून होते. संध्याकाळ झाली की खलाशी दिवे झाकायला लावत, कारण दुश्मनाची बोट कुठे असेल ते कोणाला माहीत नव्हते. पाणी काळे असते म्हणतात ते खरे आहे. मी एकदाच वाकून पाहिले, मग पाहिले नाही. नर्सबाई म्हणाल्या, "भिऊ नको. मी आहे ना." मी मान हलवली. पण त्या झोपल्या की त्यांचे ओठ हलताना दिसत. त्यांनाही भीती होती हे कळल्यावर माझी आणखी वाढली.

एडन म्हणजे जळक्या डोंगरांची कढई आणि तिच्या तळाशी गाव. कुठे गवताची काडी नाही. धारची तळी वैशाखात आटतात, पण आटली तरी मधोमध काहीतरी हिरवे राहते. इथे समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोड पाणी बनवत आणि ते मापून देत. पाण्याच्या गाडीबरोबर शिपाई असे. आणि सगळ्यावर तो आवाज. दूर डोंगरापलीकडे तोफ उडे तेव्हा आधी जमिनीतून पायांना कळे, मग कानांना. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी खाली बसले. अंगणातली चार वर्षांची पोरगी माझ्याकडे बघून हसली. ती त्या आवाजाला सरावली होती.

आम्ही एका म्हाताऱ्या यहुदी विधवेच्या घरी उतरलो. मी तिला आजी म्हणे. उंच, वाळलेली, काळ्या रुमालाने डोके घट्ट बांधलेली. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी आणि पलटणीच्या लोकांशी बोलून बोलून तिला बाजारची हिंदुस्तानी येत होती. तिने अंगण पळून आलेल्यांना मोकळे करून दिले होते. घरात तिची सून होती, पोटुशी. आधीची दोन मुले जन्मून गेली होती. मुलगा दिवसभर पळून आलेल्यांसाठी पाणी आणि धान्य मिळवायच्या धावपळीत असे. नर्सबाई सकाळीच धर्मशाळेत जात आणि दिवेलागणीला परत येत. जाताना मला सांगून जात, "आजी सांगेल ते शीव."

तिथे एक गोष्ट मला फार दिवसांनी मिळाली. तिथल्या कोणत्याच बाईच्या कपाळावर कुंकू नव्हते. त्यामुळे माझ्या मोकळ्या कपाळाकडे कोणी पाहत नव्हते. बायका माझा हात धरून मला जवळ बसवत, पोरे मांडीवर येऊन पडत. मी अंग चोरून घेई, पण त्यांना ते कळत नसे. शिवाय त्यांचेही सोवळे कडक होते. मी माझा भात वेगळा शिजवीत असे आणि तो त्यांना चालत नसे, त्यांचे मला चालत नसे, आणि ह्याचे कोणालाच काही वाटत नसे. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत सुया डबीत जात त्या शनिवार सरल्यावरच निघत.

शिवायची खोली अंगणाच्या टोकाला होती. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा पाच-सहा बायका भिंतीला टेकून शिवत होत्या. सगळे कापड पांढरे. लांब सैल अंगरखे, सुरवारी, टोप्या. खिसा नाही, बटण नाही, काज नाही. मला वाटले, पळून आलेल्या लोकांना घाईने अंगावर काही हवे, म्हणून साधेच शिवत असतील. काही अंगरखे अगदी छोटे होते. अंगणात पोरेही पुष्कळ होती.

मी एक बाही घेतली, दोऱ्याला गाठ मारली आणि धावदोरा घालायला लागले. आजीने माझ्या हातातून बाही घेतली, नखाने गाठ शोधली, दाताने तोडली. "नहीं बेटी. गांठ नहीं."

मला अवघड गेले. माझे वडील म्हणत, गाठ नसलेला टाका म्हणजे कडी नसलेले दार. लहानपणी मी गाठ विसरले की ते शिवण एका हिसक्यात उसवून माझ्या मांडीवर टाकत. बोटांना ती सवय लागलेली. मी नकळत गाठ मारी आणि आजी न बोलता ती तोडी. मला वाटले, दोरा वाचवायचा असेल. पाणी मापून, धान्य मापून, तसा दोराही. मग मी शिकले. गाठ न मारता नुसता दोरा ओढून घ्यायचा, शेवटी तसाच सोडायचा.

त्या खोलीत कोणी गात नसे, हसत नसे. सून तिथे कधी येत नसे, दारापासूनच परत जाई. आमच्याकडेही ग्रहणात पोटुशी बाई सुई-कात्री धरत नाही, तसे काही असेल असे मी धरून चालले. सकाळी दोन पुरुष येत, घडी केलेले कपडे उचलत आणि खाली मान घालून जात. अंगणातल्या कोणाच्या अंगावर ते अंगरखे मला कधी दिसले नाहीत. दिसले नाहीत हे माझ्या लक्षात आले होते. पण धर्मशाळेत दिले असतील, दुसऱ्या वस्तीत दिले असतील. विचारायला आजी समोर बसलेली असे, आणि तिची हिंदुस्तानी मला कळत होती. मी विचारले नाही.

एका सकाळी तोफा नेहमीपेक्षा जवळ वाजायला लागल्या. खिडकीचे लाकूड थरथरत होते. तुर्क गावात शिरणार अशी हूल उठली. अंगणातल्या बायकांनी बोचकी बांधली, मग कुठे जायचे हे कोणालाच माहीत नाही म्हणून त्याच बोचक्यांवर बसून राहिल्या. एवढ्यात सुनेने किंकाळी फोडली. दिवस भरले नव्हते. कोणीतरी धावत जाऊन नर्सबाईंना आणले.

मी दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी होते.  आतून आजीचा आवाज, बाईंचा आवाज, मध्येच तोफ, मग एक बारीक, मांजरासारखे रडणे. दार उघडले आणि नर्सबाईंनी काही कळायच्या आत ते मूल माझ्या हातांत दिले. ओले, लाल, ओंजळीएवढे.

"घे गो, पूस याला, काहीतरी घाल. आईचे रक्त थांबत नाही," म्हणाल्या आणि दार लागले.

देवासच्या त्या दिवसानंतर माझ्या हातांत तान्हे मूल आले नव्हते.  मी त्याला पदराने पुसले. अंग गार पडत चालले होते. काहीतरी घालायला हवे होते, पण नव्या बाळासाठी आधीपासून शिवून ठेवायचे नाही ही रीत त्यांच्यातही होती, आणि आधी दोन गेलेल्या घरात तर कोणी ठेवलेच नव्हते. मी धावत टोकाच्या खोलीत गेले. घड्यांच्या ढिगातून सगळ्यात छोटा अंगरखा काढला. तो मीच शिवला होता, माझे टाके मला ओळखू आले. मऊ होता. मी तो बाळाला घातला आणि छातीशी धरून बसले. बाळ थोडे शांत झाले. मला बरे वाटले, हे मी लपवत नाही.

आजी बाहेर आली ती हसत आली. "बच जाएगी," ती म्हणाली. मग तिने बाळाकडे पाहिले आणि तिचे तोंड उघडेच राहिले. तिने आपल्याच तोंडावर हात मारला. बाळ माझ्याकडून ओढून घेतले, अंगरखा काढला, दूर फेकला आणि त्याला आपल्या ओढणीत गुंडाळले. अंगणातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने डोळे झाकून घेतले. त्या सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी काय केले ते मला ठाऊक नव्हते. मला वाटले, मी विधवा आहे हे त्यांना कळले.

नर्सबाई आल्या. त्यांनी जमिनीवर पडलेला अंगरखा पाहिला. माझा दंड धरून मला जिन्याखाली नेले.

"गो बाय, इतके दिवस तू काय शिवत होतीस? काय समजून?"

"पळून आलेल्यांचे सदरे," मी म्हटले.

बाई खाली बसल्या. "ते जाणाऱ्यांचे कपडे गो. तापाने रोज माणसे जातात. आमच्यात मेलेल्याला पांढरे शिवून घालतात. गाठ मारत नाहीत. जीव गाठीत अडकू नये म्हणून."

माझ्या कानांत पाणी भरल्यासारखे झाले. आमच्यात मेलेल्याला शिवलेले घालत नाहीत. ताग्यातून कोरे कापड फाडतात आणि गुंडाळतात. त्या कापडाला सुई लागत नाही. सुई लागली की कापड जित्या माणसाचे, असे आमच्या दुकानात मानत. म्हणून माझ्या मनात ते आलेच नाही. एवढे दिवस मी मरणाचे कपडे शिवत होते. छोटे छोटेसुद्धा. आणि त्यातला एक उचलून मी जिवंत बाळाला घातला होता.

"माझ्याही लक्षात यायला हवे होते," बाई म्हणाल्या. "मला वाटले, तुला ठाऊक असेल. विचारायचे तरी होतेस."

सुनेला कोणी काही सांगायचे नाही, असे आजीने सगळ्यांना बजावले. पण घरात सगळे जण हळू बोलू लागले. बाळ दूध ओढेना. त्याचे अंग पिवळे पडले, डोळ्यांचे पांढरेही पिवळे. नर्सबाई म्हणत, "आठव्या महिन्याचा आहे, कोवळा आहे, होते असे." पण त्या पुन्हा पुन्हा येऊन त्याचे पाय चोळत. मी त्या खोलीच्या उंबऱ्याकडे जात नव्हते. टोकाच्या खोलीतही जात नव्हते. जिन्याखाली बसून राही. तोफा वाजत, पण आता मला त्यांची भीती वाटत नव्हती. तोफ डोंगरापलीकडे होती. भीती भिंतीपलीकडे होती, आणि मी तिथून येणाऱ्या रडण्याकडे कान लावून बसे. रडू आले की श्वास सोडी. थांबले की माझाही श्वास थांबे. कुठेतरी पळून जावे वाटे. पण पुढे समुद्र आणि मागे तुर्क.

चौथ्या दिवशी दुपारी आजी जिन्याखाली आली. तिच्या हातात तो छोटा अंगरखा होता. मला वाटले, आता ही मला जा म्हणणार. मी उठून उभी राहिले.

ती माझ्यासमोर बसली आणि अंगरखा माझ्या मांडीवर ठेवला. वर सुई ठेवली.

"तू गांठ लगाती थी ना?" ती म्हणाली. "मैं तोड़ती थी. अब लगा."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"देख क्या रही है? जितनी आती है, सब लगा. मज़बूत. तेरे घर में सिखाया वैसी." आणि मग, थोडी रागाने, थोडी रडू आवरत, "तू चुप रहती है, मैं भी चुप रही. पूछा नहीं, बताया नहीं. दोनों गधी."

मी माझी सुईदाणी काढली. तीत धारच्या दुकानातला थोडा हिरवा दोरा होता. हिरवे मला नेसता येत नव्हते, पण शिवायला बंदी नव्हती. मी अंगरखा उलटा केला. आमच्याकडे बाळाचे झबले उलट्या शिवणीचे असते, म्हणजे कड बाहेर राहते आणि अंगाला टोचत नाही. मग एकेक शिवण धरली, टाका घातला, गाठ मारली. पुन्हा टाका, पुन्हा गाठ. खांद्यावर, बगलेत, घेरावर. सुई दोनदा बोटात गेली. आजी सुईकडे बघत बसली होती. पुढे बंद लावायला कापड नव्हते, तेव्हा तिने आपल्या रुमालाची कड टर्रकन फाडून दिली. झाले तेव्हा ते नुसते कापड राहिले नव्हते, हिरव्या गाठींचे झाड वाटत होते.

आजीने ते हातात घेतले, प्रत्येक गाठ ओढून पाहिली. एकही सुटली नाही. "अब ये जाने वाले का नहीं," ती म्हणाली. तिने स्वतः ते बाळाला घातले.

त्याने लगेच काही झाले असे नाही. त्यांच्यात आठव्या दिवशी मुलाचा संस्कार होतो. सुन्ता करतात आणि नाव ठेवतात. त्या दिवशी पुरुष आले, अंगणात बसले. नर्सबाईंनी बाळाला उजेडात नेऊन पाहिले आणि मान हलवली. अशक्त मुलाला ते करत नाहीत. पुरुष न बोलता उठून गेले. सुनेने उशीत तोंड घातले. आधीच्या दोघांपैकी एकाला आठवा दिवस दिसलाच नव्हता, दुसऱ्याला नावानंतर फार दिवस मिळाले नव्हते, असे बाईंनी मला सांगितले. त्या दिवशी मी भात शिजवला नाही.

त्यानंतर एका सकाळी मी पाणी भरून येत होते. सुनेच्या खोलीतून चुटचुट आवाज आला. मी घागर तिथेच ठेवली. बाळ ओढत होते. जोरात, हावऱ्यासारखे. सुनेने मला दारात पाहिले आणि हाताने बोलावले. मी आत गेले नाही. तिने बाळाच्या पाठीवरच्या हिरव्या गाठींवरून बोट फिरवले, माझ्याकडे बोट दाखवले आणि हसली. तिला फक्त एवढेच माहीत होते की हे हिंदच्या बाईने शिवले.

पिवळेपणा ओसरत गेला. एक दिवस नर्सबाई म्हणाल्या, "आता करा." पुरुषांना बोलावणे गेले. अंगण झाडले, कुठून तरी तुळशीसारख्या वासाचा पाला आला. मी माझ्या सवयीने जिन्याखाली गेले. मंगल कामात मागे राहायचे, हे कोणी सांगावे लागत नाही.

नर्सबाई मला शोधत आल्या. "चल. आईकडून मूल घेऊन पुरुष बसलेत त्या खोलीच्या दारापर्यंत कोणीतरी बाई नेते. सून म्हणते, तू नेशील."

मी मान हलवली. जोरात हलवली, म्हणजे ह्यांनी तरी त्याला होकार समजू नये. "बाई, तिला सांगा. मी कोण आहे ते सांगा. माझे गेले आहेत. नवरा, मूल. मी नाही शिवणार त्याला अशा दिवशी."

बाईंनी आत जाऊन सांगितले असावे. आजीच बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. "विधवा है? मैं भी हूँ. तो क्या मैं अपने पोते के दिन गली में बैठूँ?" मग मला दंडाला धरून तिने आत नेले, शेळीला नेतात तसे. बायका हसल्या.

सून पलंगावर बसली होती. बाळाच्या अंगात हिरव्या गाठींचे झबले होते. ते मूल आज कुठे असेल, मोठे झाले असेल का, हे मला माहीत नाही. आम्ही निघालो तेव्हा ते मुठी चोखत होते. पुढची खबर धारपर्यंत आली नाही. पण त्या घटकेला ते माझ्याकडे पाहत होते. सुनेने एक पांढरे कापड उलगडले, त्यात बाळाला गुंडाळले आणि माझ्यापुढे धरले.

माझे हात पुढे झाले आणि थांबले. पांढरे कापड. माझ्या घशात गोळा आला. सगळ्या बायका वाट पाहत होत्या, बाहेर पुरुष वाट पाहत होते, आणि डोंगरापलीकडे तोफ वाजली. मी आजीकडे वळले.

"यह कपड़ा किसका है?" मी विचारले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

 मग आजी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मेरी शादी का है," ती म्हणाली. "पुराना है. धुला हुआ है. और पूछ! और कुछ पूछना है तो पूछ ले!"

मी आणखी काही विचारले नाही. कापडाची कड बोटांनी चाचपून पाहिली. दोन्ही टोकांना गोंडे होते, आणि प्रत्येक गोंड्याला गाठ. मग मी बाळ घेतले आणि अंगणात पाऊल टाकले.  बाळाच्या पाठीखाली माझ्या हाताला माझ्याच गाठी लागत होत्या. दारापर्यंत मी त्या एकेक करून चाचपत गेले.